गंगेच्या नावाची, पण गंगेपासून लांब राहिलेली रेल्वे

मराठवाड्याच्या नकाशावर मनमाडपासून नांदेडपर्यंतचा लोहमार्ग बोटाने गिरवत गेले, की एक विसंगती चटकन ध्यानात येते. हा मार्ग बांधला गेला तेव्हा त्याचे नाव होते ‘हैदराबाद–गोदावरी व्हॅली रेल्वे’. पण रोटेगाव, लासूर, औरंगाबाद म्हणजे आताचे छत्रपती संभाजीनगर, जालना, परतूर, सेलू आणि परभणी या स्थानकांपैकी एकही गोदाकाठी नाही. नदी दक्षिणेला, कुठे पंचवीस तर कुठे पन्नास किलोमीटरवरून आपल्या वाटेने वाहते, आणि तिच्या काठावरचे पैठण, जे एके काळी सातवाहनांची राजधानी होते, आजही रेल्वेविना आहे. रूळ आणि नदी शेजारी येतात ते थेट नांदेडच्या आसपास. आमच्या गंगथडीत गोदावरीला कोणी गोदावरी म्हणत नसे, ती आम्हाला गंगाच. त्यामुळे गंगेच्या नावाची रेल्वे गंगेला टाळून का गेली, हा प्रश्न मला शाळकरी वयापासून पडलेला होता. त्याचे उत्तर शोधू लागले, की या भागातल्या रेल्वेचा बहुतेक सगळा इतिहास हाती लागतो.

तो इतिहास सुरू होतो मराठवाड्याबाहेर. मुंबई–मद्रास मार्गावरच्या वाडी स्थानकापासून सिकंदराबादपर्यंतचा लोहमार्ग १८७४ साली सुरू झाला आणि निजामाच्या राजधानीच्या दारात पहिल्यांदा रेल्वे आली. पुढे तिचा कारभार ‘निझाम्स गॅरंटीड स्टेट रेल्वे’ या कंपनीकडे गेला. कंपनीचे भांडवल इंग्लंडमध्ये उभे राहायचे, आणि गाडी नफ्यात चालो की तोट्यात, भागधारकांना ठरलेले व्याज मिळेल याची हमी संस्थानाच्या तिजोरीने घ्यायची, असा हा व्यवहार होता. तोटा झालाच तर तो शेवटी सारा भरणाऱ्या रयतेच्या अंगावर येणार, हे उघड होते. म्हणूनच १८८३ साली चांद्याकडे, म्हणजे आताच्या चंद्रपूरकडे, रेल्वे नेण्याच्या योजनेवरून हैदराबादेत मोठा गहजब झाला, आणि त्या योजनेच्या अटी लोकांपुढे मांडा अशी मागणी करणारे प्राध्यापक अघोरनाथ चट्टोपाध्याय, म्हणजे सरोजिनी नायडूंचे वडील, यांना संस्थानाबाहेर काढण्यात आले. रेल्वे हा आपल्याकडे पहिल्यापासूनच राजकारणाचा विषय आहे, तो काही अलीकडच्या अर्थसंकल्पी भाषणांनी झालेला नाही.

मराठवाड्यातून जाणारा मार्ग १८९९ ते १९०१ या काळात टप्प्याटप्प्याने खुला झाला. मनमाड ते सिकंदराबाद हे अंतर सुमारे ३९० मैल, म्हणजे जवळपास ६३० किलोमीटर. याच दरम्यान १८९९–१९०० चा भीषण दुष्काळ पडलेला होता. दुष्काळी मुलखात धान्य लवकर पोहोचावे म्हणून लोहमार्ग वाढवा, अशी शिफारस १८८० च्या दुष्काळ आयोगाने केली होती, आणि कागदोपत्री तो हेतू नेहमी पुढे केला जाई. पण गाडीला रोजचे भाडे देणारे गिऱ्हाईक होते ते कापूस. जालना, सेलू, परभणी, नांदेड या स्थानकांभोवती सरकी काढण्याचे जिन आणि गाठी बांधण्याचे प्रेस उभे राहिले, अडत वाढली, आणि आज आपण ज्यांना मराठवाड्यातल्या बाजारपेठा म्हणून ओळखतो त्यांतल्या बऱ्याच गावांचे नशीब त्या रुळांनी पालटले.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. लोहमार्ग आखणाऱ्या अभियंत्याला नदीचे खोरे हवे असते, पण नदीचा काठ नको असतो. खोरे हवे, कारण तिथे चढ सौम्य असतो. रेल्वेचे लोखंडी चाक लोखंडी रुळावर चालते, त्यामुळे बैलगाडी सहज चढून जाईल असा चढही इंजिनाला जड जातो. काठ नको, कारण मुख्य नदीला मिळणारी प्रत्येक उपनदी संगमापाशी सगळ्यांत रुंद आणि सगळ्यांत अवखळ असते. शिवना, दुधना आणि पूर्णा या उत्तरेकडून येणाऱ्या नद्या. त्यांना संगमाच्या जवळ ओलांडायचे तर लांबलचक पूल बांधावे लागतात. तेच वर सरकले, की पात्र अरुंद होते, काठ टणक मिळतो आणि पुलाचा खर्च उतरतो. शिवाय मोठा पूर आला, की गंगेचे पाणी या उपनद्यांच्या तोंडातून उलटे मैल-दीड मैल आत शिरते, ओढे तुंबतात आणि आसपासची शिवारे पाण्याखाली जातात. काठाने घातलेला रूळ दर मोठ्या पुरात बुडाला असता.

यात काळ्या मातीची भर पडते. आपल्या भागातली ही कापसाची माती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसून तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. कापसाला ती उत्तम, पण रुळाखाली ती सतत हलत राहते. अशा मातीचा भराव घालावा लागला, तर तिच्यावर मुरमाचा जाड थर आणि त्यावर खडी टाकावी लागते, म्हणजे पाणी निथळून जाते आणि रूळ एका पातळीत राहतो. नदीकाठी ही माती सर्वांत खोल; जरा वर, उतारावर आले, की मुरूम आणि खडक हाताशी येतो. म्हणून मार्ग नदीपासून दूर, उंचावरून आला, आणि पैठण, शहागड, पाथरी ही गोदाकाठची किंवा तिच्या जवळची जुनी गावे बाजूला पडली. कोणाच्या मर्जीने किंवा कोणाच्या द्वेषाने हे घडले, अशा कथा आमच्याकडे पुष्कळ ऐकायला मिळत; माझ्या मते त्यांतल्या बहुतेकांपेक्षा पुलांच्या खर्चाचा हिशेब अधिक खरा आहे.

पण नदी कायमची टाळता येत नाही. मुख्य मार्ग बासरजवळ गोदावरी ओलांडून निजामाबादकडे उतरतो, आणि परभणीहून परळी वैजनाथकडे जाणारी शाखा गंगाखेडला, संत जनाबाईंच्या जन्मगावी, नदी ओलांडते. माझे बालपण या दुसऱ्या पुलाच्या परिसरात गेले. आमच्या गावातून पूल दिसत नसे, पण वारा तिकडून असला, की पुलावर चढलेल्या गाडीचा खडखडाट ऐकू येई आणि त्यावरून बायाबापड्या वेळेचा अंदाज बांधीत. सुट्टीच्या दिवशी आम्ही मुले गंगेच्या वाळवंटात जात असू. होळी झाली, की पात्र आटून पाण्याचे दोन-तीन ओहळ उरत, बाकी सगळी वाळू; तिच्यात टरबूज-खरबुजाच्या वाड्या लागत आणि भोयांची कुटुंबे वेलांपाशी झोपड्या घालून राहत. पिण्याचे पाणी हवे तर वाळूत हातभर झरा खोदायचा, पहिले गढूळ पाणी उपसून टाकायचे, आणि मग जे निवळ पाणी साचे ते वाटीने घागरीत भरायचे.

पूल आमच्यासाठी मिळकतीचेही साधन होता. गाडी पुलावर आली, की प्रवासी खिडकीतून हात जोडीत आणि गंगेला पैसा टाकीत. उन्हाळ्यात तो पैसा कमरेएवढ्या पाण्यात किंवा सरळ वाळूतच पडे. जुनी जड नाणी पडल्या जागी रुतून बसत, तर नंतर आलेले अ‍ॅल्युमिनियमचे पाच-दहा पैसे इतके हलके, की ते पाण्यात तिरके तरंगत खाली जात आणि धारेने पुढे सरकत. म्हणून नाणे कोणते पडले हे वरून चमक पाहून ओळखायचे आणि त्याप्रमाणे कुठे चाचपायचे ते ठरवायचे, हे कौशल्य आमच्यातल्या थोरल्या मुलांना साधलेले होते. मला ते कधीच नीट साधले नाही.

या खेळाला एकच बंदी होती. पुलाच्या खांबापाशी जायचे नाही. “खांबाजवळ भोवरा हाय, माणूस वढून नेतो,” असे आजी सांगे, आणि गावातला प्रत्येक वडीलधारा माणूस तेच सांगे. आम्हाला ती मुलांना घालायची भीती वाटे. प्रत्यक्षात पूल बांधणीतली सर्वांत महत्त्वाची गोष्ट त्या एका वाक्यात आहे. वाहत्या पाण्यात वाळूवर स्तब्ध उभे राहिले, की थोड्याच वेळात टाचेखालची वाळू सरकते आणि पाय रुततो, हे नदीकाठच्या प्रत्येक मुलाने अनुभवलेले असते. खांबाचेही तसेच होते. वाहते पाणी खांबावर आदळते, त्याचा एक भाग खाली तळाकडे वळतो, तिथे गिरक्या घेत वाळू उचलतो आणि खांबाच्या दोन्ही अंगांनी ती वाहून नेतो. पुराचा वेग जेवढा जास्त तेवढा हा खड्डा खोल. पूर ओसरताना त्यात पुन्हा सैल वाळू आणि गाळ बसतो, त्यामुळे वरून सगळे सपाट दिसते, पण पाय टाकला तर माणूस खाली जातो. जिथे खड्डा पुरता भरत नाही तिथे बारमाही डोह राहतो.

म्हणजे पुराच्या ऐन वेळी खांबाच्या पायथ्याची कित्येक हात वाळू नाहीशी झालेली असते, आणि तरीही वरून गाडी जात असते. हे शक्य होते ते विहिरीच्या पायामुळे. खोल वाळूच्या नद्यांत खांब वाळूवर उभा करीत नाहीत. नदी आटलेली असताना दगड-विटांचे किंवा काँक्रीटचे एक जाड, पोकळ कडे वाळूवर मांडतात. त्याच्या तळाला लोखंडी धार असते. आतली वाळू उपसत गेले, की कडे स्वतःच्या वजनाने खाली उतरते, वरून बांधकाम चढवीत राहायचे आणि आतून उपसत राहायचे, असे करीत ते खडकापर्यंत किंवा पुराची खरवड पोहोचणार नाही एवढ्या खोलीपर्यंत नेतात. मग आतली पोकळी तळाला आणि माथ्याला बंद करून त्यावर खांब उभारतात. आपल्याकडे विहीर खणताना भुसभुशीत मातीत जसे कडे उतरवीत, तीच ही युक्ती. आज पुलाच्या जवळपास वाळू उपसायला मनाई असते तिचे कारणही हेच आहे: पाया किती खोल न्यायचा याचा हिशेब तळाची पातळी गृहीत धरून केलेला असतो, आणि उपशाने तळच खाली गेला तर तो हिशेब कोलमडतो. हे कळत असूनही उपसा चालतो, ही गोष्ट वेगळी.

खांबांवर रंगवलेले आकडे आणि आडवे पट्टे आम्ही पुराच्या दिवसांत वाचीत असू. लाल पट्टा ही धोक्याची पातळी. पाणी तिच्याकडे चढू लागले, की पुलावरच्या चौकीदाराची धावपळ सुरू होई, गाडी आधी पायी चालणाऱ्या माणसाच्या गतीने सोडली जाई आणि पाणी आणखी चढले तर अलीकडच्या स्थानकावर थांबवून ठेवली जाई. पावसाळ्यात रात्री गँगमन कंदील, झेंड्या आणि रुळावर बांधायचे आवाजी फटाके घेऊन गस्त घालीत. दोन स्थानकांकडून निघालेले दोन गस्तवाले मध्यावर भेटून आपापली नोंद करीत आणि माघारी फिरत. भराव खचलेला दिसला, तर फटाके रुळावर बांधायचे. इंजिनाचे चाक त्यावरून जाताच धडाका होतो आणि चालक ब्रेक लावतो. अंधारात, मुसळधार पावसात, एकट्या माणसाने हजारभर प्रवाशांसाठी चालायचे, अशी ही नोकरी.

रेल्वेला नदी आणखी एका कारणासाठी लागे. वाफेच्या इंजिनाला कोळशापेक्षाही पाण्याची ओढ मोठी. टाकीत भरलेले पाणी काही तासांत वाफ होऊन धुराड्यातून उडून जाई, त्यामुळे ठरावीक अंतरावर खात्रीचे पाणी असल्याशिवाय मार्ग चालवताच येत नसे. पूर्णा जंक्शन हे रेल्वेचे गाव झाले त्यात नदीचा वाटा आहेच. तिथून हिंगोलीकडे फाटा निघाला, इंजिनांची शेड आली, आणि रेल्वेच्या नोकरदारांची वसाहत वाढली. वायपी आणि वायजी जातीची काळी इंजिने जाऊन वायडीएम-४ ही डिझेल इंजिने आली, तेव्हा फलाटाच्या टोकाचे पाणी भरायचे मोठे लोखंडी नळ तसेच गंजत उभे राहिले.

आता राहिला रुळांच्या रुंदीचा, म्हणजे गेजचा विषय. दोन रुळांमधले अंतर मोठ्या लाइनीवर १,६७६ मिलिमीटर, मीटरगेजवर १,००० आणि आपल्याकडच्या नॅरोगेजवर ७६२ मिलिमीटर. व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांच्या काळात, १८७० मध्ये, खर्च वाचवण्यासाठी दुय्यम मार्ग मीटरगेजचे करायचे असे धोरण ठरले. रूळ हलका, भराव अरुंद, वळणे आखूड, पूल स्वस्त. मनमाड–सिकंदराबाद मार्ग याच हिशेबाने मीटरगेजचा झाला, आणि तिथेच पुढच्या नव्वद वर्षांची अडचण पेरली गेली. कारण मनमाडला मुंबईची लाइन मोठी होती. एका गेजचा डबा दुसऱ्या गेजवर जात नाही; मराठवाड्यातून निघालेली पावणेदोनशे किलोच्या आसपासची प्रत्येक कापसाची गाठ मनमाडला हमालांच्या पाठीवरून एका वाघिणीतून, म्हणजे मालडब्यातून, दुसऱ्या वाघिणीत जाई. त्यात मजुरी, दिरंगाई, भिजणे आणि चोरी हे चारही आले, आणि यामुळे गेलेला पैसा शेवटी शेतकऱ्याला मिळणाऱ्या भावातून वजा होई. माणसांचेही तेच. मुंबईला निघालेले कुटुंब मध्यरात्री पेंगुळलेली मुले आणि वळकट्या घेऊन मनमाडचा फलाट बदली, आणि जागा धरायला घरातला एक धट्टाकट्टा माणूस सर्वांत पुढे धावे.

मनमाडपुरती ही गोष्ट असती तरी चालले असते. परळीला परभणीकडून मीटरगेज येई, तर विकाराबादेकडून बिदर, उदगीर, लातूर रोड करीत मोठी लाइन येई, म्हणजे तिथेही गाडी बदलणे आले. आणि खुद्द लातूर शहर तिसऱ्याच, नॅरोगेजच्या टोकाला होते. एव्हरार्ड कॅल्थ्रॉप या इंग्रज अभियंत्याने आखलेली बार्शी लाइट रेल्वे १८९७ साली कुर्डुवाडीपासून बार्शीपर्यंत सुरू झाली आणि १९११ मध्ये लातूरला पोहोचली. मराठवाड्यासारख्या टापूत अशा तीन रुंदीच्या तीन रेल्वे नांदत होत्या, आणि एकीचा माल दुसरीला चालत नव्हता.

हैदराबाद संस्थान १७ सप्टेंबर १९४८ रोजी मुक्त झाले, रेल्वे केंद्राकडे गेली, पण गेज बदलायला चार दशके लागली. १९६६ मध्ये दक्षिण मध्य रेल्वे स्थापन होऊन मुख्यालय सिकंदराबादला राहिले. मराठवाड्याचा प्रशासकीय ओढा मुंबईकडे आणि रेल्वेचा हैदराबादकडे, असा हा पेच होता. स्वातंत्र्यसेनानी गोविंदभाई श्रॉफ आणि मराठवाडा जनता विकास परिषदेने रुंदीकरणाची मागणी नेटाने लावून धरली. १९९२ साली देशभर एकच गेज करण्याचा कार्यक्रम रेल्वेने हाती घेतला आणि त्या दशकात मनमाड ते परभणी, नांदेड आणि परळी हे मार्ग रुंद झाले. २००३ मध्ये नांदेड विभाग स्वतंत्र झाला. गंगाखेडच्या पुलाखालची नदी मात्र तोवर पार बदलून गेली होती. पैठणचे जायकवाडी धरण १९७६ साली पूर्ण झाल्यापासून खाली येणारे पाणी धरणाच्या दारांच्या हुकमाने येऊ लागले. हिवाळाभर वाहणारी धार आटली, आणि २००६ सारख्या वर्षी दारे उघडली तेव्हा एकदम लोंढा आला. टरबुजाच्या वाड्या त्याआधीच विरळ झाल्या होत्या.

गेजचे मोल काय असते, हे लातूरने २०१६ साली पाहिले. मांजरा नदीवरचे धरण कोरडे पडले होते आणि शहराला प्यायला पाणी नव्हते. राजस्थानातल्या कोटा येथील कारखान्यात धुऊन घेतलेल्या टँकर वाघिणी मिरजेला आणल्या गेल्या, आणि एप्रिलमध्ये मिरजेहून ३४२ किलोमीटरचा प्रवास करून पाण्याची पहिली गाडी लातूरला पोहोचली. सुरुवातीला दहा वाघिणी होत्या, पुढे पन्नास झाल्या. एका वाघिणीत सुमारे पन्नास हजार लिटर, म्हणजे पन्नास टन पाणी. कृष्णेचे पाणी रुळांवरून गोदावरीच्या खोऱ्यात आले, असेच म्हणावे लागेल, कारण मांजरा ही गोदावरीचीच उपनदी. हा मार्ग म्हणजे बहुतांशी कॅल्थ्रॉपच्या त्या जुन्या नॅरोगेजचाच रुंद झालेला अवतार. लातूर–कुर्डुवाडी भागाचे रुंदीकरण २००८ मध्ये संपले होते आणि त्यात उस्मानाबाद म्हणजे आताचे धाराशिव शहर पहिल्यांदा मार्गावर आले. कॅल्थ्रॉपने आपल्या रेल्वेसाठी एका आसावर पाच टन भार ठरवला होता. चार आसांची वाघीण धरली तर स्वतःच्या वजनासकट वीस टन. पाण्याच्या एका भरलेल्या टँकर वाघिणीचे वजन पंचाहत्तर टनांच्या पुढे जाते. रुंदीकरण आठ-दहा वर्षे रखडले असते, तर ती गाडी लातूरला येऊच शकली नसती.

बीड शहराला मात्र २०२५ उजाडावे लागले. जिल्ह्यातल्या परळी आणि घाटनांदूरला कित्येक पिढ्यांपासून गाडी होती, पण जिल्ह्याचे ठाणे रुळांविना होते. अहिल्यानगर–बीड–परळी हा २६१ किलोमीटरचा मार्ग मंजूर झाला १९९५–९६ च्या सुमारास, आणि बीडला गाडी लागली १७ सप्टेंबर २०२५ रोजी, मुक्तिसंग्रामदिनी. पुढचा परळीपर्यंतचा टप्पा जोडला गेला, की परळीहून पुण्याकडे निघालेल्या माणसापुढे मनमाडचा किंवा कुर्डुवाडीचा वळसा घ्यायचा की नाही, हा निवडीचा प्रश्न राहील.